पॅडलचे बूट

पॅडल या रॅकेटच्या खेळासाठी, आडव्या हालचाली झेपतील अशा बांधणीचे बूट. त्यांची निवड कोर्टाच्या पृष्ठभागावर, आणि खरे तर त्यावर वाळू किती आहे यावर ठरते.

1969 मध्ये मेक्सिकोतील आकापुल्को येथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात हा खेळ सुरू केला. कोर्ट 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. भोवती भिंती व जाळी, हल्ली बहुधा काच. एवढ्याशा जागेत लांब धाव अशी नसतेच. दोन-तीन पावले, एकदम थांबणे आणि मागच्या काचेवरून उसळणाऱ्या चेंडूसाठी जागच्या जागी गिरकी, असा पायांचा खेळ असतो. म्हणून धावण्याचे उंच, मऊ टाचेचे बूट इथे घोटा मुरगळायला निमित्त ठरतात.

आज बहुतेक कोर्टांवर आखूड कृत्रिम गवत असते आणि त्यावर बारीक सिलिका वाळू पसरलेली असते. वाळूमुळे गवताचे तंतू उभे राहतात, पायही थोडा घसरू शकतो. वाळू भरपूर असेल तर नागमोडी खाचांचा ‘हेरिंगबोन’ सोल घ्यावा: वाळू खाचांतून सरकते, कडा जमीन धरतात. टेनिसच्या मातीच्या कोर्टावरचे बूट याच धाटणीचे असल्याने इथेही चालतात. कुरळ्या तंतूंच्या नव्या गवतावर वाळू कमी लागते. तिथे हाच सोल नको इतका चिकटतो. पाऊल अडकते, शरीर वळते आणि पीळ गुडघ्याला बसतो. ‘ग्रिप जितकी जास्त तितकी चांगली’ हे दुकानातले पालुपद म्हणूनच फसवे आहे. अशा कोर्टावर बारीक गोळ्यांचा ‘ओम्नी’ किंवा दोन्हींचा मिश्र सोल बरा.

सिमेंटची कोर्टे पूर्वी, विशेषतः अर्जेंटिनात, सर्रास असत. त्यांवर ओम्नीच्या गोळ्या लवकर झिजतात. टेनिसच्या हार्ड कोर्टाचे टणक रबरी सोलचे बूट तिथे टिकतात.

ओली वाळू खाचांत थापून बसते आणि चांगला सोलही गुळगुळीत होतो. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या उघड्या कोर्टांवर दोन गुणांच्या मध्ये रॅकेटच्या कडेने बूट ठोकून ती झाडावी लागते. झीज बहुधा आधी अंगठ्याखाली दिसते, कारण गिरकीचा भार तिथेच येतो. तेवढ्या भागातल्या खाचा सपाट झाल्या की वरून बूट कितीही नवा दिसो, बदलावा.