चालीचें ऋण

जुन्या संगीत नाटकाचें पुस्तक उघडलें कीं पदांच्या माथ्यावर बारीक टाइपांत एक ओळ छापलेली आढळते. ‘चाल’ एवढा शब्द लिहून त्यापुढें एखाद्या कानडी, हिंदी अथवा मराठी गीताचे आरंभींचे शब्द दिलेले असतात. वाचक ती ओळ सहसा सोडून देतो. परंतु मराठी नाट्यसंगीताचा पुष्कळसा इतिहास त्या ओळींतच सांठविलेला आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालीं बेळगांवकडील गुर्लहोसूर येथें झाला. तो मुलूख मराठी व कानडी यांच्या सांध्यावरचा. अशा सीमाभागांत सुराला भाषेची वेस आडवीत नाहीं. बिलोलीसारख्या तेलंगणाच्या हद्दीवरील गांवीं मराठी, तेलुगु व उर्दू कानांवर घेत वाढलेल्या माणसास हें निराळें सांगावें लागत नाहीं. पुण्यांत पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून अण्णासाहेबांस मराठींत गेय नाटक करण्याची स्फूर्ति झाली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. त्यांत कीर्तनांतील साकी-दिंडी होती, लावणीचा ढंग होता, कानडी चाली होत्या. शब्द मात्र मराठी होते.

पुढें ही देवघेव वाढतच गेली. १९११ च्या ‘मानापमाना’साठीं गोविंदराव टेंबे यांनीं पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणिला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं ख्यालाच्या बंदिशींचा आधार दिला. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचीं पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचिलीं, तर सुंदराबाईंनीं गझल-कजरीच्या वळणाच्या चाली पुरविल्या. प्रेक्षकांनीं तीं पदें ‘बालगंधर्वांचीं’ म्हणून कंठांत धरिलीं. सुंदराबाईंचें नांव जाणकारांपुरतेंच उरलें.

परक्या चालीवर शब्द बसविणें हें भाषांतर नव्हे. चालीच्या मात्रा ठरलेल्या असतात. जेथें स्वर लांबवावयाचा तेथें मोकळा दीर्घ स्वर हवा. जेथें ठेका जलद, तेथें अवघड जोडाक्षर आलें कीं जीभ अडखळते. लघूचा गुरु आणि गुरूचा लघु करावा लागला कीं शब्दांची ओढाताण कानास खटकते. मराठी शब्दाचें वजन सांभाळून रचिलेलें पद मात्र चार पिढ्यांनंतरही मराठीच वाटतें.

हाच प्रश्न जपानी गीतकारांपुढेंही उभा होता. १९२७ सालीं अमेरिकेंत गाजलेल्या ‘माय ब्ल्यू हेवन’ या गीतास होरिउची केइझो यांनीं जपानी शब्द दिले व १९२८ सालीं फुतामुरा तेइइची यांनीं तें गायिलें. जपानींत बहुतेक प्रत्येक अक्षर स्वरान्त असल्यामुळें इंग्रजी ओळीचा सगळा अर्थ तितक्याच सुरांत मावत नाहीं. कांहीं सोडावें लागतें, कांहीं नवें घालावें लागतें. महायुद्धानंतर १९५२ सालीं एरी चिएमी या किशोरवयीन गायिकेनें ‘टेनेसी वॉल्ट्झ’ गातांना इंग्रजी व जपानी शब्द शेजारीं शेजारीं ठेविले. उलट १९६३ सालीं साकामोतो क्यू यांचें मूळ जपानी गीत अमेरिकेंत लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोंचलें. परंतु तिकडे त्यास ‘सुकियाकी’ हें नांव मिळालें. तें एका मांसाहारी पदार्थाचें नांव आहे. गीताच्या अर्थाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. सूर पोहोंचला, गीताचें नांव मात्र वाटेंत हरपलें.

अमेरिकेचा सूर मराठी माणसाच्या हातींही लागला होता. पुणतांब्यास जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनीं १९५० च्या ‘समाधि’ या हिंदी चित्रपटांत लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांजकडून एक युगलगीत गाववून घेतलें. त्याची चाल १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटांतील ‘चिको चिको’ या गीतावर बेतलेली होती. मूळ संगीतकार जिमी मॅक्‌ह्यू. हिंदी गीत घरोघर पोहोंचलें. मॅक्‌ह्यूचें नांव तें ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक झालें.

परकी चाल घेणें म्हणजे स्वत्व गमावणें, असें मानणारे पुष्कळ असतात. ‘शाकुंतला’चा अनुभव त्याच्या उलट आहे. उसन्या सुरांनींच तर मराठीस स्वतःचें नाट्यसंगीत मिळालें. दोष घेण्यांत नसून विसरण्यांत आहे. सावकाराची वही चोख ठेवणारा ऋणको बाजारांत ताठ मानेनें वावरतो. तसें पदाच्या माथ्यावर ‘चाल’ छापणाऱ्या त्या नाटककारांचें झालें. ज्यांच्या कंठांतून सूर आला त्यांस त्यांनीं निदान एका ओळीची जागा दिली. आज जुन्या पदांच्या नव्या आवृत्त्या निघतात, ध्वनिमुद्रणें नव्यानें ऐकविलीं जातात. त्यांत पदकर्त्याच्या व गायकाच्या नांवाशेजारीं ती बारीक ओळही राहिली पाहिजे. ती गाळणें म्हणजे फेडतां न येणारें ऋण नाकारणें होय.