टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

एप्रिल उलटला की आसामातल्या आमच्या वर्कशॉपसमोर पाण्याने भरलेल्या ड्रमांची रांग लागते. प्रत्येक ड्रमच्या काठाला एकेक आउटबोर्ड मोटर अडकवलेली, पंखा पाण्यात, आणि दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला एक सॅपर. फौजेत या मोटरला सगळे ओबीएम म्हणतात. पूर आला की होडीच्या मागच्या फळीवर हीच बसते, आणि त्या होडीतल्या सगळ्यांचा जीव तिच्यावर असतो.

ड्रममध्ये फुरफुरणारी मोटर नदीत चालेलच असं नाही. ड्रममध्ये ती धिम्या गतीवर असते, पेट्रोल थेंबाथेंबाने पितं. नदीत भरलेली होडी प्रवाहाविरुद्ध ढकलताना तिला धार लागते. अर्धवट तुंबलेली नळी थेंब देते, धार देत नाही. त्यातून कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल नेहमी साठलेलं असतं. त्यामुळे मागचा पुरवठा बंद पडला तरी मोटर काठावरून झोकात निघते आणि बंद पडते ती मधोमध, सगळ्यात वाईट जागी.

दहा-बारा वर्षांपूर्वीची जुलै. धेमाजी जिल्ह्यातल्या एका चापोरीवरून, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावरून, आम्ही माणसं काढत होतो. मी तेव्हा कंपनी कमांडर. त्या फेरीत अकरा गावकरी होते, दोन शेळ्या, आणि एक बाई, मांडीवर महिन्या-दोन महिन्यांचं मूल. चांग घराच्या खांबांवरच्या जमिनीपर्यंत पाणी आल्यावर त्या बाहेर पडल्या होत्या. लाल टाकी त्यांच्या पायाशीच. होडी हेलकावत होती, पेट्रोलच्या वासाने बाईंना उलट्या सुरू झाल्या. मी वाकून टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू घट्ट पिळला. वास कमी झाला. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, मलाही बरं वाटलं.

पाच-सात मिनिटांनी मोटरने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. खालच्या अंगाला पाऊण किलोमीटरवर बांध फुटलेला होता आणि सगळा प्रवाह त्या भगदाडाकडे ओढ घेत होता. हवालदारांनी आधी नांगर टाकायला लावला. तो वाळूत फरफटत राहिला, नीट धरेना. दोन जवानांनी वल्ही घेतली. मी दोरी ओढत होतो. एरवी पलटणीत हिंदी बोलणारे आमचे खटावचे हवालदार टाकीकडे वळले आणि एकदम मराठीत म्हणाले, "साहेब, दोरी सोडा. बल्ब बघा, चपटा झालाय."

टाकीतून निघणाऱ्या नळीवर लिंबापेक्षा थोडा मोठा रबरी फुगा असतो, तो बल्ब. तो आत ओढला गेला होता. त्यांनी झाकणावरचा स्क्रू उलटा फिरवला. सुस्स आवाज करून टाकीने हवा घेतली. बल्ब गोल झाला. चार वेळा दाबून कडक झाल्यावर दुसऱ्या झटक्याला मोटर सुरू झाली.

काठाला लागल्यावर त्यांनी विचारलं, "झाकणाला कुणी हात लावला होता?"

"मी," म्हटलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हे मला माहीत नव्हतं असंही नाही. प्रबोधिनीत पीकॉक बेमध्ये शिडाची होडी हाकली होती, दापोडीला मुळेच्या पाण्यात ओबीएम शिकलो होतो. पण हात वासाच्या मागे गेला. त्यानंतर या स्क्रूचा इतिहास शोधण्याचा मला नाद लागला, आणि तो वाटला त्यापेक्षा गमतीचा निघाला.

आउटबोर्ड मोटर लोकप्रिय केली ओले एव्हिनरूडने. जन्म १८७७, नॉर्वेतला. लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. वाग्दत्त वधू बेससाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला निघाला, वल्हवता वल्हवता ते वितळलं आणि त्या रागातून मोटर सुचली, अशी कथा सांगतात. कॅमेरॉन वॉटरमनने अशी मोटर त्याच्या आधीच विकायला काढली होती, म्हणजे आइस्क्रीमला फार श्रेय देऊ नये. पण १९०९ मध्ये एव्हिनरूडने बाजारात आणलेली दीड अश्वशक्तीची, २८ किलोंची मोटर खपली, आणि धंद्याची, जाहिरातीची बाजू बेसने सांभाळली.

त्या काळात टाकी मोटरच्याच डोक्यावर असे, कार्ब्युरेटरच्या वर. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येई. तोटी उघडा, झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा, झालं. बिघाड कचरा, पाणी किंवा बंद स्क्रू यांपैकी एक. तोटा हा की टाकी लहान, आणि तळ्याच्या मध्यावर तापलेल्या इंजिनावर वाकून पेट्रोल ओतायचं.

दुसऱ्या महायुद्धात या मोटरी रणांगणावर आल्या. २५-२६ सप्टेंबर १९४४ च्या रात्री आर्नेमजवळ कॅनडाच्या सॅपर्सनी स्टॉर्मबोटींतून ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना ऱ्हाईनपार काढलं. ब्रिटिश सॅपर्स वल्ह्यांच्या होड्यांनी तेच करत होते. पहाटेपर्यंत सुमारे २,४०० माणसं परत आली. वरून तोफा आणि मुसळधार पाऊस. पाण्याने विजेची जोडणी भिजून मोटरी बंद पडत होत्या. मोटर बंद पडली की आधी ठिणगी की इंधन हे ठरवा, असं आम्ही पोरांना शिकवतो ते यासाठीच. प्लग काढून बघायचा. ओला असला तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी शोधा. कोरडा असला तर मागे टाकीकडे चला.

खरा बदल १९४९ चा. जॉन्सनच्या दहा अश्वशक्तीच्या मोटरबरोबर वेगळी टाकी आली, होडीच्या तळाशी ठेवायची. आता पेट्रोल पडायचं थांबलं, त्याला चढावं लागलं. चढवायचं कसं? इंजिनाच्या क्रँककेसमधला दाब एका नळीने टाकीत सोडायचा आणि दुसऱ्या नळीने पेट्रोल वर ढकलायचं. यासाठी टाकी हवाबंद हवी. झाकण सैल राहिलं की दाब निसटला आणि मोटर उपाशी. दाबाखालचं पेट्रोल माणसांच्या पायाशी, हे कुणालाच फारसं रुचण्यासारखं नव्हतं. दहा-बारा वर्षांत दुसरी युक्ती रुळली: मोटरवरच पातळ पडद्याचा पंप. क्रँककेसमधल्या दाबाच्या हेलकाव्यांवर तो पडदा धडधडतो आणि एकाच नळीतून पेट्रोल वर ओढतो. ओढायचं तर टाकीत हवा शिरायला हवी. म्हणजे तसलीच लाल टाकी, तळाशी तशीच ठेवलेली, पण नियम बरोबर उलटा. उघडा स्क्रू, मग बंद टाकी, मग पुन्हा उघडा स्क्रू. माझ्या हाताने त्या दिवशी १९५० सालचा नियम पाळला होता, असं मी स्वतःला समजावतो. हवालदारांना हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

या पंपात ताकद बेताचीच, म्हणून वाटेतला लहानसा अडथळाही त्याला भारी. पण कुठे बिघडलंय ते बल्बच सांगतो. चपटा झाला तर अडथळा त्याच्या मागे: स्क्रू, टाकीतली जाळी, कुणाच्या बुटाखाली दबलेली नळी. कडक असून मोटर उपाशी असेल तर अडथळा पुढे: फिल्टर, अडकलेली सुई, तुंबलेलं जेट. किती दाबला तरी कडक होत नसेल तर बहुधा हवा शिरतेय, नाहीतर बल्बमधली झडप गेली. ही हवा फसवी असते. ओढ असताना चिरेतून पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून नळी कोरडी आणि निर्दोष दिसते. बल्ब दाबून धरला की मगच थेंब दिसतो, बहुतेक वेळा जोडाच्या झिजलेल्या रबरी कड्याशी. आणि बल्ब हाताने दाबत राहिलं तरच मोटर चालत असेल, तर पंपाचा पडदा फाटलाय असं समजावं. त्या अवस्थेतही माणसं काठाला आणता येतात. एक जवान बल्बवर बसवायचा, बस.

हल्ली एक नवी भर पडली आहे. जून २०२२ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, २०२५ पर्यंत वीस. त्यातलं काही आमच्याच वारणेच्या पट्ट्यातल्या उसाचं असणार, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू! पण इथेनॉल पाणी धरतं, आणि आसामच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर पडून राहिली की पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसू शकतो. नळी तळातूनच ओढते. जुन्या प्रतीचं रबरही त्यात फुगतं, मऊ पडतं. म्हणून मोसम संपला की टाक्या रिकाम्या करतो, आणि नळी आतून मऊ लागली की वरून चांगली दिसली तरी फेकतो. स्टोअरवाल्यांशी यावरून दरवर्षी माझं वाजतं.

एव्हिनरूडच्या मोटरी बनवणं २०२० मध्ये बंद झालं. हवालदार त्याआधीच सुभेदार होऊन निवृत्त झाले, खटावला असतात. आमच्या सगळ्या टाक्यांच्या झाकणांवर आता पांढऱ्या रंगाचा बाण आहे आणि बाजूला हिंदीत लिहिलंय: पहले खोलो. यंदाच्या टाक्यांचा फोटो मी त्यांना पाठवला. उत्तर आलं, "बाण उलटा काढलाय साहेब, तिसऱ्या टाकीवर."

जाऊन बघितलं. खरंच उलटा होता.