बुटक्याचे बळ किती? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील ड्वार्फचा लेखाजोखा

हिमगौरीच्या गोष्टीतील सात बुटके मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहेत. खाणीत राबणारे, दाढीवाले, ठेंगणे पण मनाने भक्कम असे हे बुटके युरोपातील लोककथांतून आले. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या कादंबरीने त्यांना योद्ध्याचे रूप दिले आणि तेथून ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात ‘ड्वार्फ’ म्हणून दाखल झाले. या खेळात ड्वार्फ निवडणे कितपत फायद्याचे, याचा हा आढावा.

खेळाचे स्वरूप

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या अमेरिकी रचनाकारांनी हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो, तर इतर प्रत्येकी एका पात्राची भूमिका वठवतात. कृती साधली की फसली, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि छाप असे पात्राचे सहा गुण असतात. खेळाडूला आरंभीच पात्राचा वंश आणि पेशा निवडावा लागतो. एकच पात्र अनेक महिने, प्रसंगी काही वर्षेही चालवले जाते. त्यामुळे घाईने केलेली निवड दीर्घकाळ सलत राहते.

बंधनांकडून मोकळीकीकडे

१९७४ च्या मूळ नियमांत ड्वार्फला केवळ योद्धा होता येई आणि तोही सहाव्या पातळीच्या पुढे जाऊ शकत नसे. माणसाला अशी मर्यादा नव्हती. १९८१ च्या प्राथमिक संचात तर ‘ड्वार्फ’ हाच एक पेशा होता. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने पातळीची मर्यादा काढून टाकली आणि ड्वार्फला जादूगार होण्याची मुभा दिली. काटकपणात २ अंकांची वाढ आणि छाप या गुणात २ अंकांची घट, असा हिशेब मात्र तिच्यात होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ही घटही गेली.

२०१४ चा ड्वार्फ

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील नियमपुस्तकाने ड्वार्फला पुढील गोष्टी दिल्या : काटकपणात २ अंकांची वाढ, अंधारात ६० फुटांपर्यंत दृष्टी, विषापासून संरक्षण, कुऱ्हाडी व हातोडे वापरण्याचे प्रावीण्य, कारागिरीच्या एका अवजाराचे ज्ञान आणि दगडी बांधकामाची पारख. शिवाय त्याच्या दोन शाखा होत्या. डोंगरी उतारावरच्या ‘हिल’ ड्वार्फला विवेकात १ अंक आणि प्रत्येक पातळीमागे एक जादा हिट पॉइंट मिळे. पर्वतातल्या ‘माउंटन’ ड्वार्फला ताकदीत २ अंक आणि हलक्या व मध्यम चिलखताचे प्रावीण्य मिळे.

या यादीत खरा कस लागतो तो विषाच्या प्रसंगी. राक्षसी कोळ्याचे उदाहरण घेऊ. २०१४ च्या नियमांनुसार त्याच्या दंशातील विषाचा घाव सरासरी ९ अंकांचा असतो आणि बचावाचे दान साधले तर तो निम्म्यावर येतो. काटकपणा १४ असलेल्या सामान्य पात्राला हे दान साधण्याची शक्यता ६० टक्के असते. ड्वार्फ दोन फासे टाकून मोठा अंक धरतो, त्यामुळे त्याच गुणांवर ही शक्यता ८४ टक्के होते. त्यातही विषाचा जो घाव बसेल तो पुन्हा निम्मा होतो. परिणामी, जिथे इतरांचे सरासरी सहा अंक जातात, तिथे ड्वार्फचे जेमतेम अडीच जातात. अर्थात, सूत्रधाराने विषारी शत्रू आणलेच नाहीत, तर हे सामर्थ्य कागदावरच राहते.

हिट पॉइंटचा लाभ मात्र प्रत्येक लढाईत असतो. काटकपणा १४ असलेल्या जादूगाराकडे पाचव्या पातळीवर ३२ हिट पॉइंट असतात. तोच जादूगार हिल ड्वार्फ असेल, तर काटकपणा १६ होतो आणि हा आकडा ४२ वर जातो. नाजूक पेशाच्या पात्राला हे दहा अंक जीवदान ठरू शकतात.

वाया जाणारे गुण

वंशाचे मूल्यमापन करताना अनुभवी खेळाडू एक प्रश्न आधी विचारतात : हा गुण पेशामुळे आपोआप मिळणारच आहे काय? योद्ध्याला सर्व शस्त्रे व चिलखते मुळातच वापरता येतात. त्यामुळे माउंटन ड्वार्फचे चिलखताचे प्रावीण्य योद्ध्याच्या हाती फुकट जाते. हेच प्रावीण्य जादूगाराला मोलाचे. मात्र २०१४ च्या नियमांत त्याला बुद्धीची वाढ मिळत नसे. म्हणजे चिलखत भक्कम, पण मंत्र किंचित दुबळे, असा हा सौदा होता.

अंधारातील दृष्टीचेही तसेच. २०१४ च्या पुस्तकातील नऊपैकी सहा वंशांना ती आहे. शिवाय गटात एक जरी माणूस असला आणि त्याने मशाल पेटवली, तरी लपून जाण्याचा फायदा संपतो.

ड्वार्फची ठळक उणीव म्हणजे चाल. एका फेरीत तो २५ फूट जातो, तर माणूस ३० फूट. जड चिलखताने ही चाल आणखी मंदावत नाही, एवढाच दिलासा. लांबून बाण मारणाऱ्याला ही उणीव जाणवत नाही, पण शत्रूला गाठून लढणाऱ्याला ती पावलोपावली जाणवते.

जन्म की जडणघडण?

या हिशेबामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखादा केवळ ड्वार्फ म्हणून जन्मला, एवढ्यावरून तो किती बुद्धिमान वा बलवान हे ठरवावे काय? नोव्हेंबर २०२० मधील पूरक पुस्तकाने वंशाचे वाढीव अंक हव्या त्या गुणावर ठेवण्याची मुभा दिली. त्याचा मोठा लाभ माउंटन ड्वार्फला झाला. बहुतेकांना एका गुणात २ आणि दुसऱ्यात १ अशी वाढ असताना त्याच्याकडे दोन गुणांत प्रत्येकी २ अंक होते. चिलखतधारी जादूगाराचा जुना सौदा त्यामुळे निव्वळ नफ्याचा झाला.

डिसेंबर २०२२ मध्ये प्रकाशक ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने ‘वंश’ हा शब्द सोडून ‘प्रजाती’ हा शब्द वापरण्याचे जाहीर केले. २०२४ च्या नियमपुस्तकात गुणांची वाढ प्रजातीकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे देण्यात आली. पात्र सैनिक होते की विद्वान, यावर आता ती ठरते.

या बदलात ड्वार्फने शस्त्रे, चिलखत आणि दोन्ही शाखा गमावल्या. बदल्यात चाल ३० फूट झाली, अंधारातील दृष्टी १२० फुटांवर गेली आणि जादा हिट पॉइंट सर्वच ड्वार्फना मिळाले. विषाचा घाव अजूनही निम्माच बसतो, पण दोन फाशांची सवलत विषबाधेची अवस्था टाळण्यापुरती वा संपवण्यापुरती उरली. दगडाची पारख मात्र सरस झाली. दगडाला स्पर्श असताना दहा मिनिटे ६० फुटांतील हालचाल कंपनांवरून ओळखता येते. ही शक्ती मर्यादित वेळाच वापरता येते.

निवड कोणी करावी?

२०१४ चे नियम वापरणाऱ्या गटात धर्मोपदेशकासाठी हिल ड्वार्फ सरळ सोयीचा. त्याला लागणारा विवेक आणि काटकपणा दोन्ही मिळतात. २०२४ च्या नियमांत कोणत्याही पेशाला ड्वार्फ चालतो. विशेषतः मुळात हिट पॉइंट कमी असणाऱ्यांना. खेळ भुयारांत रंगणार असेल तर तो अधिकच उपयुक्त. जहाजांवर वा अरण्यात रंगणार असेल तर दगडाची पारख गुंडाळून ठेवावी लागेल. म्हणूनच निवडीपूर्वी कोणते नियम चालणार आणि कथानक कोठे घडणार, हे दोन प्रश्न सूत्रधाराला विचारलेले बरे. पहिल्या घावात न कोसळणारा साथीदार प्रत्येक गटाला हवा असतो आणि ते काम ड्वार्फ आजही चोख बजावतो.