कपाटातली साक्ष

मागच्या व्याख्यानात आपण ह्यूमपाशी थांबलो होतो. अनुभवाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कुणी सांगितली, तर तिच्यावर विश्वास ठेवायचा का, हा त्याचा प्रश्न. आज तोच प्रश्न मी लहान मुलांच्या एका पुस्तकातून पुढे नेणार आहे. हसू नका, पुस्तक लिहिणारा माणूस तत्त्वज्ञान शिकवलेला होता.

सी. एस. लुईस यांची 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' ही कादंबरी १९५० साली आली. चार भावंडं लंडनवर विमानहल्ले होतात म्हणून खेड्यातल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या जुन्या, अवाढव्य वाड्यात येतात. धाकटी लूसी एका रिकाम्या खोलीतल्या कपाटात शिरते आणि बर्फाळ जंगलात पोचते. परत येऊन सांगते, तर कुणाचा विश्वास नाही.

आता ही नुसती कल्पना नव्हे. १ सप्टेंबर १९३९पासून तीन-चार दिवसांत ब्रिटिश सरकारने सुमारे १५ लाख लोक शहरांतून हलवले. त्यांत बहुसंख्य मुलं. गळ्यात गॅस मास्कचा डबा, अंगावर नावाची चिठ्ठी. एक मूल ठेवून घेणाऱ्याला आठवड्याला साडेदहा शिलिंग, जास्त असतील तर प्रत्येकी साडेआठ. ऑक्सफर्डजवळ लुईस यांच्या घरीही अशा मुली राहायला आल्या होत्या. म्हणजे परक्या घरातलं मूल हे त्या पिढीचं रोजचं वास्तव होतं.

अशा कथांची परंपरा मात्र जुनी. ई. नेस्बिट यांच्या १९०२च्या 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट'मध्येही भावंडं खेड्यातल्या घरी येतात, वडील कामासाठी आणि आई आजीकडे दूर जातात आणि जादू सुरू होते. पण तिथे मुलं स्वतःच मागून घेतात, की जादूने मिळालेलं नोकरांच्या लक्षात येऊ नये. मोठ्यांना कळणार नाही, हे गृहीतच आहे. लुईस हे गृहीत मोडतात.

मोठी दोघं प्रोफेसरकडे तक्रार घेऊन जातात. तो विचारतो, एरवी खरं कोण बोलतं, लूसी की तिला खोटं पाडणारा एडमंड? उत्तर येतं, लूसी. मग तो म्हणतो, तीनच शक्यता: ती खोटं बोलते, तिला वेड लागलंय, किंवा ती खरं सांगतेय. पहिल्या दोन टिकत नाहीत, तेव्हा तूर्तास तिसरी धरा.

तुमच्यातले तर्कशास्त्राचे विद्यार्थी लगेच म्हणतील, चौथी शक्यता राहिली: भ्रम. बरोबर आहे. प्रामाणिक, शहाणा माणूसही दोरीला साप म्हणतो. युक्तिवाद कच्चा आहे. पण त्याचा पहिला प्रश्न कच्चा नाही. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, मात्र तो आप्ताचा हवा. आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो जसा आहे तसा सांगू इच्छितो. वात्स्यायन तर म्हणतात, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू. वयाची अट कुठेच नाही!

याचं मोल समजायचं तर जानेवारी १९४५ आठवा. डेनिस ओ'नील हा १२ वर्षांचा मुलगा श्रॉपशायरमधल्या एका शेतघरात मारहाण आणि उपासमारीने मेला. तो युद्धामुळे हलवलेला नव्हता, सरकारी देखरेखीतून तिथे सोपवलेला होता. बरोबर धाकटा भाऊ टेरेन्स होता. देखरेख करणारी माणसं कागदोपत्री होतीच. खटल्यात टेरेन्स साक्षीला उभा राहिला आणि न्यायालयाने त्याचं ऐकलं, पण तोवर भाऊ गेला होता. चौकशी झाली, आणि १९४८ साली मुलांविषयीचा नवा कायदा आला.

लुईस यांनी हे प्रकरण डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या कादंबरीतली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट कपाटामागचं जंगल नाही. परक्या घरातला मालक मुलीचं म्हणणं ऐकून घेतो, तिच्या एरवीच्या वागण्यावरून तिची पारख करतो आणि मगच निर्णय देतो, ती खरी दुर्मीळ. लूसीच्या जागी टेरेन्स ठेवून बघा, म्हणजे ह्यूमचा प्रश्न केवळ चमत्कारांपुरता राहत नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.