खंड्याची पालखी

गेल्या चार महिन्यांत आमच्या घरात एकच स्वेटर तिसऱ्यांदा विणला जातोय. म्हणजे आजी तो विणते, पूर्ण करते, घालून बघते, "च्च" करते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उसवायला घेते. स्वेटर माझा नाही. गुंड्याचा आहे.

गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. मी नववीत असताना ऐन पावसाळ्यात बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांच्या स्कूटरखाली सापडलेलं पिल्लू. जात शुद्ध गावठी. बाबा म्हणाले होते, "दोन दिवस ठेवा, मग बघू." त्या दोन दिवसांना आता चौदा वर्षं झाली. मी इंजिनियर झालो, नोकरीला लागलो, ऑनसाईट जाऊन परत आलो, आणि गुंड्या म्हातारा झाला. आधी डोळ्यांत मोतीबिंदू आला, मग मागचे पाय गेले, आणि आता किडन्या. डॉक्टर भले आहेत. मागच्या खेपेला हळूच म्हणाले, "तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा. त्याला त्रास होणार नाही याची काळजी मी घेईन." त्यावर गाडीत कुणीच काही बोललं नाही. घरी आल्यावर आजीने माझा शाळेचा निळा स्वेटर माळ्यावरून काढायला लावला आणि त्याची लोकर उसवून गुंडे केले.

आता तिसऱ्यांदा का? तर गुंड्या दर महिन्याला बारीक होतोय. पहिला स्वेटर ९६ टाक्यांचा होता. तो पोटाखाली लोंबायला लागला म्हणून दुसरा ८८ चा. तिसरा ८० चा. हे आकडे आजी कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवते. डॉक्टरांच्या फाईलमधला वजनाचा तक्ता आणि हे पान शेजारी ठेवलं तर दोन्हींचा ग्राफ सारखाच येईल.

परवा जिन्यात समोरच्या काकूंनी गुंड्याला स्वेटरमध्ये बघितलं आणि हसत हसत म्हणाल्या, "अहो, कुत्र्याला स्वेटर? आजींना वेड लागलंय काय!" त्या मनाने वाईट नाहीत, सहज बोलून गेल्या. पण हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं. रात्री आठवलं. ग्रँट डफ!

तर मंडळी, आजची गोष्ट शाहू महाराजांची. कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत, साताऱ्याचे. शिवाजी महाराजांचे नातू, संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव. जन्म १६८२. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचं हे पोर आईबरोबर औरंगजेबाच्या छावणीत कैदी म्हणून गेलं आणि सुटलं ते थेट १७०७ मध्ये, औरंगजेब वारल्यावर. सातव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतचं आयुष्य शत्रूच्या तंबूत! सुटल्यावरही आई मोगलांकडेच ओलीस. ती परत आली १७१९ मध्ये. पुढे बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, नानासाहेब अशा तीन पेशव्यांना पेशवेपद दिलं ते याच राजाने. पण आपल्या शाळेच्या पुस्तकात तो बाजीरावाच्या मागे कुठेतरी सिंहासनावर बसलेला असतो, तेवढंच.

या शाहू महाराजांना शिकारीचा आणि जनावरांचा भारी नाद. त्यांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव खंड्या. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला, अशी हकीकत आहे. त्याची परतफेड महाराजांनी राजाला शोभेल अशी केली. कुत्र्याच्या नावाने रीतसर सनद काढून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. हो, पालखी! त्या काळात भल्याभल्या सरदारांना ज्यासाठी हयात घालवावी लागायची, ती.

आता दरबाराचा प्रसंग. दोन मराठा सरदार भेटीला येणार होते. महाराजांनी काय केलं, तर खंड्याला जरीची वस्त्रं नेसवली, अंगावर जवाहीर घातलं आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी पगडी घातली नाही म्हणतात.

हे सगळं लिहून ठेवलंय जेम्स ग्रँट डफने. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याला नेमलेला हा अधिकारी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. माणूस मेहनती, कागदपत्रं भरपूर पाहिलेली. पण खंड्याचा प्रसंग तो कुठे सांगतो? शाहूच्या बुद्धिभ्रंशाच्या परिच्छेदात! धाकटी राणी सगुणाबाई वारल्याने महाराजांचं डोकं फिरलं असं म्हणतात, आणि ते पहिल्यांदा दिसलं ते या दरबारात, अशी त्याची मांडणी आहे. जहागीर आणि पालखी ही त्याच लहरींची आणखी उदाहरणं, आणि दरबारी लोक आपले राजाची मर्जी सांभाळत होते, इतकंच. थोडक्यात, समोरच्या काकूंचंच मत, फक्त इंग्रजीत.

मराठी परंपरेत हाच प्रसंग अगदी वेगळा सांगतात. त्यात भेटीला येणारा सरदार म्हणजे इंद्रोजी कदम. बक्कळ श्रीमंत आणि श्रीमंतीचा दिमाख मिरवणारा. महाराज साध्या पांढऱ्या कपड्यांत बसले आणि सगळे दागिने कुत्र्याच्या अंगावर घातले. तुझा जो डौल आहे तो माझ्या कुत्र्याच्या अंगावरही असतो, एवढाच त्याचा अर्थ. सरदार काय समजायचं ते समजला. इथे राजा वेडा नाही, भरदरबारात सगळ्यात शहाणा तोच आहे.

प्रसंग एक, अर्थ दोन. डेटा तोच, रिपोर्ट वेगळा. आमच्या धंद्यात हे रोज होतं :)

डफला एकदम खोटं पाडावं असं मला वाटत नाही. शेवटच्या वर्षांत महाराज खचले होते, आजारी होते आणि घरात वारसाचे वाद पेटले होते हे खरंच आहे. पण त्याच काळात कारभार नानासाहेब पेशव्यांकडे सोपवणाऱ्या दोन यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या. १५ डिसेंबर १७४९ ला ते गेले आणि पुढचं सगळं राजकारण त्या दोन कागदांवर उभं राहिलं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचं हे काम वाटत नाही. आणि डफचं सगळं मुकाट्याने मान्य करायला नको, हे शिकवणारा पहिला माणूस आपल्या पुण्यातलाच. नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या विशीतल्या तरुणाने १८६७-६८ च्या सुमारास डफच्या बखरीवर टीका लिहिली. तेव्हा डफ हयात नव्हता. आपल्याच वयाचा पोरगा, ना गूगल ना काही. असो.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी मी आणि बाबा साताऱ्याला जाऊन आलो. कात्रजचा बोगदा, खंबाटकी, आणि साताऱ्याहून पूर्वेला पाचेक किलोमीटरवर संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. दगडी घाट, जुनी देवळं, राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. आणि इथेच खंड्याची समाधी आहे. छोटा दगडी चौथरा आणि त्यावर कुत्रा. रायगडावरच्या वाघ्याबद्दल गेली काही वर्षं भांडणं चालली आहेत, कारण त्याला समकालीन पुरावा नाही असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. खंड्याचं तसं नाही. त्याची हकीकत जुन्या लिखाणात आहे आणि त्याची समाधी राजघराण्याच्या समाध्यांच्याच गावात आहे. गंमत म्हणजे त्याला बघायला मात्र फारसं कुणी येत नाही. आम्ही होतो तोवर तिथे एक शेळी होती आणि आम्ही दोघं.

परत येताना बाबांना फ्रेडरिकची गोष्ट सांगितली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक, शाहू महाराजांच्याच शतकातला. त्याने लिहून ठेवलं होतं की मला माझ्या कुत्र्यांशेजारी पुरा. १७८६ मध्ये तो मेल्यावर पुतण्याने ऐकलं नाही, चर्चमध्ये पुरलं. शेवटी १९९१ मध्ये, तब्बल २०५ वर्षांनी, जर्मन लोकांनी त्याला पॉट्सडॅमच्या राजवाड्यात त्याच्या कुत्र्यांशेजारी नेऊन ठेवलं. इतिहासात त्याचं नाव आहे 'फ्रेडरिक द ग्रेट'. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि आपला तो वेडा."

घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले आणि विचारलं, "त्याला थंडीत काय घालत असतील रे?" जरीचं वस्त्र तर घालायचे, म्हटलं. "जरीने काय ऊब येते?" बरोबर आहे. दोन सुयांवरचं विणकाम तेव्हा आपल्या घरांत नव्हतंच. ते आलं पुढच्या शतकात, मडमांबरोबर आणि मिशनच्या मुलींच्या शाळांबरोबर. शाहू महाराजांच्या मुलखात लोकर म्हणजे घोंगडी, सणगरांनी मागावर विणलेली. म्हणजे खंड्याला ऊब मिळाली असेल तर ती घोंगडीचीच.

मग आजीने स्वतःहून १९६२ चं सांगितलं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. चीनची लढाई लागली, आपले जवान बर्फात सुती कपड्यांवर लढतायत अशा बातम्या येत होत्या आणि देशभर बायका-मुली स्वेटर विणायला बसल्या. आजीच्या शाळेतही लोकर आली. मधल्या सुट्टीत सुद्धा सगळ्या विणत असायच्या. "मी दोन केले. एकाची बाही जरा आखूडच झाली होती. कुणाच्या अंगात गेला, तो परत आला की नाही, देव जाणे. हा एक निदान डोळ्यांसमोर आहे." आणि तिने गुंड्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आजीचे ते दोन स्वेटर इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. खंड्या आला, पण वेडाचा पुरावा म्हणून. घरातल्या मायेची नोंद बहुतेक अशीच होते, एक तर होतच नाही किंवा बाहेरच्या कुणाला ती विचित्र वाटली म्हणून होते.

आता पालखीबद्दल. आमची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. गुंड्याला जिना उतरता येत नाही. उचलून घेतलं तर पोट दुखतं म्हणून कळवळतो. म्हणून गेले दोन महिने रोज सकाळी सहा वाजता आणि रात्री जेवणं झाल्यावर त्याला जुन्या सोलापुरी चादरीत ठेवून दोन टोकं बाबा धरतात, दोन मी. बाबा पुढे, मी मागे. सगळ्यांत आधी "आता बास करू या" म्हणणारे बाबाच होते, आणि एकही दिवस न चुकवणारेही तेच. त्या रविवारी रात्री जिना उतरताना ते एकदम थांबले आणि म्हणाले, "अरे, ही पालखीच की!"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार आहे. पुरावा काही नाही, निव्वळ तर्क. वाघाशी झुंजलेला कुत्राही कधीतरी म्हातारा होतो. त्याचेही मागचे पाय जातात. साताऱ्याच्या चढउतारावर त्याला धन्याबरोबर न्यायचं कसं? आपल्याकडे चादर आहे, राजाकडे पालखी होती. कदाचित तो मान नसेलच, सोय असेल. असलाच मान, तरी भोई जेव्हा खांदा देत होते तेव्हा खंड्याला कळत असणार ते एवढंच, की आता चालावं लागणार नाही.

काल रात्री आम्ही चौघं बसलो आणि ठरवलं. दोन दिवस त्याने पाणीसुद्धा घेतलं नाहीये. डॉक्टर सोमवारी सकाळी घरी येतील. आई रडली. आजी काहीच बोलली नाही, कालनिर्णय घेऊन आली आणि मागच्या पानावर ८० च्या खाली ७२ लिहिलं. आत्ता समोर बसून विणतेय. उद्या रात्रीपर्यंत होईल म्हणते.

असो. आज एवढंच. बाबा हाक मारतायत, चादर अंथरून झालीय.