वाचून संपेल एवढे कर्नेल: लायन्स यांच्या टिपणांपासून एक्सव्ही६ पर्यंत

ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला प्रोसेसच्या अवस्थांची आकृती आपण सगळेच काढतो: रेडी, रनिंग, वेटिंग. पण ‘रनिंग’कडून ‘रेडी’कडे जाणारा बाण कोडच्या नेमक्या कोणत्या ओळींमुळे घडतो, हे फार थोड्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. आज सोर्स कोड मिळत नाही असे नाही. अडचण आकाराची आहे. लिनक्सच्या कर्नेलचा कोड तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. नवशिक्याने यात शिरायचे कुठून? या प्रश्नाचा इतिहास पन्नास वर्षांचा आहे.

लायन्स यांची टिपणे

१९७५ मध्ये बेल लॅब्जमधून युनिक्सची सहावी आवृत्ती बाहेर पडली. विद्यापीठांना ती सोर्स कोडसह, नाममात्र शुल्कात मिळत असे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी ठरवले की विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिमविषयी सांगण्याऐवजी एक खरी ऑपरेटिंग सिस्टिम वाचायलाच द्यायची. १९७६-७७ मध्ये त्यांनी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत पीडीपी-११ यंत्रावरचा कर्नेलचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड, दुसरीत त्यावरचे भाष्य.

लायन्स यांनी तीन साध्या गोष्टी केल्या. फाइली वाचण्याच्या क्रमाने लावल्या: आधी सिस्टिम सुरू होणे आणि प्रोसेस, मग ट्रॅप व सिस्टिम कॉल, मग डिस्क, फाइल सिस्टिम, शेवटी टर्मिनलसारखी उपकरणे. प्रत्येक ओळीला क्रमांक दिला, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांचे बोट एकाच जागी ठेवता येई. आणि एका सत्रात वाचून संपेल एवढाच मजकूर ठेवला.

ओळ २२३८

या कोडमधली सर्वांत प्रसिद्ध ओळ म्हणजे कोड नसून एक टिप्पणी आहे. एक प्रोसेस थांबवून दुसरी चालवणाऱ्या ‘स्विच’ फंक्शनमध्ये, ओळ २२३८ वर, लेखक वाचकाला सांगतात की हे समजावे अशी अपेक्षा नाही. अनेकांना त्यात उद्धटपणा दिसला. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला की ‘हे परीक्षेला नाही’ अशा अर्थाने ते लिहिले होते. आणि खरी गोष्ट अशी की तिथे काय घडते आहे हे लेखकांनाही नीट कळलेले नव्हते. डिस्कवर हलवलेली प्रोसेस परत आली की तिचा स्टॅक वेगळ्याच फंक्शनमध्ये साठवलेल्या जागेवरून उचलला जाई. म्हणजे फंक्शनमध्ये शिरण्याची वाट एक आणि बाहेर पडण्याची दुसरी. पीडीपी-११ च्या कंपायलरमध्ये फंक्शनमधून परतण्याची पद्धत सगळीकडे सारखी होती, म्हणून ते चालून गेले. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेताना ही रचना बदलावी लागली. नवशिक्या वाचकाने यातून एवढे घ्यावे: एखादी ओळ कळत नसेल, तर दोष दर वेळी आपलाच असतो असे नाही.

बंद झालेले दार

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली. तिच्या परवान्यात वर्गात कोड शिकवण्यास मनाई होती. लायन्स यांच्या पुस्तिका पुढे अनेक वर्षे झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून हातोहात फिरल्या; अधिकृत प्रकाशनाला १९९६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात अभ्यासक्रम पुन्हा आकृत्यांकडे वळले. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत वापरले गेलेले मॉरिस बाख यांचे १९८६ चे पुस्तक आठवा. पुस्तक उत्तम आहे, पण त्यात अल्गोरिदम आहेत, खरा कोड नाही.

ही कोंडी फोडण्यासाठी आम्स्टरडॅमचे अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी स्वतःच मिनिक्स लिहिले आणि १९८७ मध्ये त्याचा कोड पाठ्यपुस्तकात छापला. ते पुस्तक वाचलेल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती खुली केली. तीही सुमारे दहा हजार ओळींचीच होती.

पुन्हा त्याच आकाराकडे

२००२ मध्ये एमआयटीने लायन्स यांच्याच पुस्तकावरून शिकवायला सुरुवात केली. पण विद्यार्थ्यांना केवळ त्यासाठी जुने पीडीपी-११ शिकावे लागे. म्हणून २००६ मध्ये सहाव्या आवृत्तीचा आराखडा आजच्या सी भाषेत नव्याने लिहिला गेला, तेच एक्सव्ही६. आयआयटी मुंबईसह अनेक ठिकाणी ते आता शिकवले जाते. त्याची सध्याची आवृत्ती रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी आहे.

तिथे ‘स्विच’ याच नावाचे एक छोटे असेंब्ली फंक्शन सापडेल. ते चालू प्रोसेसची चौदा रजिस्टरे साठवते, दुसरीची चौदा उचलते आणि परतते. मात्र परतते ते दुसऱ्याच स्टॅकवर. आकृतीतला बाण तो हाच. तासाभरात कागदावर त्या रजिस्टरांचा मागोवा घेऊन पाहा. १९७५ मध्ये जे परीक्षेबाहेर ठेवले होते, ते आज तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी समजून घेऊ शकतो. कोड लहान ठेवला गेला, म्हणूनच हे शक्य झाले.