शहाद्याचा लढा : बांधावर जिंकला, सोसायटीत अडला

चळवळ जिंकली की नेत्याचं नाव होतं, हरली की नेत्याचाच दोष निघतो. खानदेशातला शहाद्याचा लढा पाहिला, तर निराळाच प्रश्न पुढे येतो : गावातली सत्ता नेमकी कुठे बसली होती, आणि चळवळ तिथवर पोचली का?

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. कर्जापायी, गहाणवटीत भिल्लांच्या जमिनी गेल्या आणि एकेकाळचे मालक मोठ्या शेतकऱ्यांकडे सालदार म्हणून राबू लागले. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत धान्य मागायला गेलेल्या भिल्लांवर गोळीबार झाला; एकाचा जीव गेला. सर्वोदयाच्या कामातून आलेल्या अंबरसिंग सुरतवंती यांच्याभोवती लोक एकवटले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्यात गावातले भिल्ल तरुण होते, तसे शहरांतून आलेले शिकलेले कार्यकर्तेही.

संघटनेचे प्रश्न साधे आणि रोकडे होते : सालदाराला साल किती, दुष्काळी कामावर मजुरी किती, सातबाऱ्यावर नाव कोणाचं. अशा प्रश्नांना आश्वासनावर वाटेला लावता येत नाही. पुढे बायका दारूविरुद्ध उतरल्या, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारू लागल्या. लढा घराघरांत गेला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने केला, त्यामागे अशाच लढ्यांचा रेटा होता.

जमीन परत मिळाली, तरी ती कसायला बी, बैल, पाणी आणि कर्ज लागतं. त्यांच्या चाव्या विकास सोसायटी, बाजार समिती आणि साखर कारखान्यात होत्या. तिथे जमीन आणि भागभांडवल असणाऱ्याचा आवाज. मजुराला मतच नाही. बांधावर नमलेला मोठा शेतकरी संचालक मंडळात शाबूत राहिला. अंबरसिंग अकाली गेले, १९७५ मध्ये आणीबाणी आली.

एक प्रश्न चळवळीच्या आतलाही होता. संघटनेतलेच भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत तो मांडला : आदिवासींच्या लढ्यात बोलायची जागा कोणाची?

शहाद्याने मजुराला मालकासमोर ताठ उभं केलं, हे यश लहान नाही. पण कर्ज आणि पाणी वाटणाऱ्या टेबलापलीकडे त्याला खुर्ची मिळाली नाही. खानदेशातल्या पुढच्या प्रत्येक चळवळीचा हिशेब त्या खुर्चीपाशीच मांडावा लागेल.